मांड्याचा हात

"काकू, हात डोक्यावर जात नाही तोवर शेक देता येणार नाही," असं म्हणून शेकाच्या मशीनवरच्या बाईने मला टेबलावरून उठवलं.

छातीतली गाठ काढली होती, तिच्याबरोबर काखेतल्याही. जखम भरली होती. आता शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू व्हायला हवा होता. त्यासाठी उजवा हात डोक्यावर नेऊन तसाच ठेवावा लागतो, हलला की किरण भलतीकडे पडतात. माझा हात खांद्यापाशीच अडायचा. डॉक्टर एवढंच म्हणाले, फार उशीर करून चालणार नाही. किती म्हणजे फार, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

हे सगळं अक्कामुळे. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, धुळ्याजवळच्या खेड्यातली. आई लवकर गेली, तिनेच मला वाढवलं. ऑपरेशन झाल्यावर ती जळगावला माझ्या घरी येऊन राहिली आणि पहिल्याच दिवशी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून माझा हात अंगाशी आवळून बांधला. बाळंतिणीचं पोट बांधायचं, मोडलेलं हाड बांधायचं, दुखणं कुठलंही असो, तिच्याकडे औषध एकच. दवाखान्यात हात हलवायला सांगितलं होतं. "त्यास्ले सांगाले काय जास! टाका उसवतीन," म्हणाली. मला दुखतच होतं, तिचं ऐकणं सोपं होतं. हात आखडून लाकूड झाला.

शेक न देता परत पाठवलं त्या दिवशी घरी येऊन मी तिच्यावर भडकले. "तूच माझा जीव घेशील एखाद्या दिवशी!" अक्काने पट्टीची घडी घालून ती पिशवीत ठेवली. मला वाटलं, आता गावी जाईल. पण सकाळी चपला घालून दारात उभी. "चाल, त्या व्यायामवाली पोरकडे."

फिजिओथेरपीवाली मुलगी वयाने माझ्या लेकीएवढी. तिने माझ्या काखेत बोटं घातली तशी मी ओरडलेच. "काकू, काख म्हणजे खड्डा बघा. ही पुढची भिंत छातीच्या स्नायूची. मागची भिंत पाठीच्या स्नायूची, तो थेट कमरेच्या मणक्यांपासून निघून दंडाला येऊन चिकटतो. म्हणून हात उचलला की तुमची कंबरसुद्धा ओढली जाते. आणि ही मधली, विण्याच्या तारेसारखी ताणलेली, ही ऑपरेशननंतर झालेली, नवीन. हीच अडवतेय." मग माझा फरा, खांद्यामागचं पसरट हाड, दाखवून म्हणाली, "हाही पाठीतून बाहेर येतोय. कुणीतरी मागून दाबून धरायला हवा." आणि सहज विचारलं, "या हाताने आधी काय काम करायचात?"

"मांडे," मी चिडून म्हटलं. "दुसरं काय!"

गल्लीतल्या कुठल्याही लग्नात, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे करायला मीच. पुरण भरलेली पोळी मनगटांवर घ्यायची, कोपरापर्यंत झुलवत पातळ करायची आणि हात उंच नेऊन चुलीवरच्या पालथ्या, तापलेल्या खापरावर टाकायची. ती मुलगी ऐकत राहिली. "मग तेच करा की!" काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

अक्का रोज कणीक भिजवायची. ती माझ्या पाठीशी उभी राहून तळव्याने फरा दाबून धरायची, मी पोळी झुलवायची. पोळी फाटायची, खाली पडायची. दुखणं काखेतून कोपरापर्यंत जायचं, डोळ्यांत पाणी यायचं. मी तिला नाही नाही ते बोलायची. "जरासा वर. मी शे ना," एवढंच तिचं. रात्री तिचा तळवा सुजलेला असायचा, तेही मला दिसायचं. तरी राग जात नव्हता, कारण शेकाची तारीख टळत चालली होती.

एके दुपारी हात वर नेताना काखेत टक् असा आवाज आला. दोघींनाही ऐकू आला. अक्का पांढरीफटक पडली. "काय तुटनं व माय?" मी काख दाबून धरली. झालं, उसवलं सगळं. रिक्षात ती माझा डावा हात घट्ट धरून बसली होती. फिजिओथेरपीवाल्या मुलीने काख चाचपली आणि ती हसली. "तार तुटली काकू. चांगलं झालं. आता न्या वर." हात कानाला लागला.

पुन्हा ते टेबल. या वेळी हात डोक्यावर गेला, पण टिकेल का? ती बाई म्हणाली, "आता अजिबात हलायचं नाही," आणि जाड दार लावून निघून गेली. अक्का बाहेर राहिली. फरा दाबायला कुणी नव्हतं. दंड थरथरायला लागला. मी दात आवळले. देवा, एवढं तरी होऊ दे. मशीन घरघरत फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. दार उघडलं तेव्हा हात जागेवरच होता.

बाहेर आले तर बाकावरचे लोक अक्काकडे बघून हसत होते. ती भिंतीला टेकून बसली होती, उजवा हात डोक्यावर, ताठ. तोंड दुखण्याने वाकडं झालेलं.

"व्हयनं का?" तिने विचारलं. "मंग मी हात खाले करू?"

तिचा हात तसाच आखडला होता, तिला खाली घेता येईना. मी तिच्या काखेत हात घातला आणि हळूहळू तो खाली आणला.