उसना अर्थ

थोरल्यांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "शिक्षण काय झालंय?"

"साहित्य," मी म्हणाले.

"वा! वायरिंगचं?"

ते हसले नाहीत. मी हसले. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'साहित्य' झाले. लोकांसमोर ते म्हणायचे, "थांबा, माझं साहित्य यायचंय," आणि लोक माझ्या हातात वायरची गुंडाळी शोधायचे.

आमची कंपनी घरांत, दुकानांत आणि इमारतींच्या आवारात विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंग पॉइंट बसवते. पॉइंट थोरले बसवत. मी माहितीपत्रकं लिहायची आणि घरच्यांना सोप्या भाषेत सगळं समजावून द्यायची.

एक धाकटा होता म्हणून त्यांना सगळे थोरले म्हणत. दोघे भाऊ वायरमन. धाकटा काही वर्षांपूर्वी अचानक गेला. दिवे-बटणांचं त्याचं दुकान आता त्याची बायको चालवते. पाटीवर अजून त्याचंच नाव आहे. ज्या घरी जाऊ तिथे त्याची आठवण निघायची. "धाकटा म्हणजे वीज होता हो. सकाळी सांगावं, दुपारी दिवे लागलेले." पुढे थोरल्यांना कोपरखळी ठरलेली. "तुम्हाला बोलावलं की आधी कुदळ येते."

ते खरंच होतं. नीट अर्थिंग असल्याशिवाय थोरले कामाला हात लावत नसत. नसेल तर अंगणात खड्डा खणायचा, त्यात तांब्याची पट्टी उभी करायची, भोवती मीठ आणि कोळसा भरायचा.

"एवढं कशाला?" मी एकदा विचारलं.

"वीज चुकून पत्र्यावर आली तर तिला जमिनीत जायला वाट हवी. ती वाट म्हणजे अर्थ."

"आणि अर्थ नसला तर?"

"मग ती माणसातून जाते."

मी म्हणाले, "आमच्या कवितांतही अर्थ नसला की..."

"तुमच्यात कोणी मरत नाही," ते म्हणाले आणि खणत राहिले.

मग एका निवृत्त मुख्याध्यापिकेचा फोन आला. "तुमचा पॉइंट लागल्यापासून माझी गाडी मला चावते." त्या ओल्या फडक्यानं गाडी पुसत होत्या. हाताला मुंग्या आल्या.

तो पॉइंट थोरल्यांच्या सुट्टीत दुसऱ्या वायरमननं बसवला होता. त्यानं टेस्टर लावला, दिवा लागला, तो निघून गेला. थोरल्यांनी जुना बोर्ड उघडला आणि हात खाली घेतला. 

"काय झालं?"

"उसना अर्थ."

त्यांनी बोट दाखवलं. अर्थाच्या जागेपासून शेजारच्या तारेपर्यंत वायरचा एक लहानसा तुकडा होता. त्यांनी हळू आवाजात मला समजावलं. खड्डा खणायचा कंटाळा असला की काही जण असं करतात. वीज ज्या तारेनं परत जाते, तीच एका तुकड्यानं अर्थाला जोडतात. मग टेस्टरला खरं वाटतं, यंत्रालाही खरं वाटतं. दिवे-पंखे चालतात तोवर काही बिघडत नाही. पण गाडी तासन्‌तास वीज ओढते. परतीच्या तारेचा जुना जोड तापतो, सैल होतो. निसटला की सगळी वीज गाडीच्या पत्र्यावर.

"पण असं केलं कोणी?"

"पीळ बघ."

तारांची टोकं एकमेकींत पिळून बांधली होती. सगळे वायरमन उजवीकडे पीळ देतात. हा डावीकडे होता.

"धाकटा डावखुरा होता," थोरले म्हणाले.

मुख्याध्यापिकेला त्यांनी सांगितलं, "नवा नियम आलाय बाई. खड्डा घ्यावा लागेल."

त्यानंतर तो नवा नियम घेऊन आम्ही दारोदार फिरलो. धाकट्यानं कुठे कुठे काम केलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं, थोरल्यांनाही नाही. ते रस्त्यानं चालताना मध्येच थांबायचे. एखाद्या गॅलरीकडे बघायचे. "इथे तो आला होता. पेरूच्या झाडाला सायकल लावली होती." मग दार वाजवायचं. बोर्ड उघडायचा. पीळ डावा, तुकडा जागेवर.

कधी बोर्ड नीट निघायचा. खरी तार, खरा खड्डा, तरीही पीळ डावा. अशा घरातून थोरले जास्त खचून बाहेर पडत. "म्हणजे त्याला येत होतं," ते म्हणायचे.

मला हळूहळू त्या वस्तीची भीती वाटायला लागली. भिंती रंगवलेल्या, खिडक्यांत फुलझाडं, आणि आत सगळीकडे एकाच गेलेल्या माणसाची बोटं. आवारात नव्या गाड्या उभ्या असायच्या. पॉइंटवर हिरवा दिवा लागलेला असायचा. मीच माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'हिरवा दिवा म्हणजे निश्चिंत व्हा.'

"पाटी लावू या," मी म्हणाले. "लोकांना सरळ सांगू या. आपण पोचेपर्यंत कोणीतरी गाडी लावेल."

"आणि ती?" म्हणजे धाकट्याची बायको. "त्याच्या नावावर तिची चूल पेटते. ते नाव मी पुसू?"

"मग हे असंच?"

"असंच. भराभर."

भराभर ही त्यांची चाल नव्हती. ते जेवण टाळायला लागले. खड्डा खणताना मधूनच मागे वळून बघायचे, कुणीतरी हाक मारल्यासारखे.

वस्तीतल्या एका शिंप्याकडे आम्ही पोचलो नव्हतो. त्यानं दुकानासाठी विजेची स्कूटर घेतली आणि घरच्याच सॉकेटला लावली. सकाळी हँडल धरलं आणि पायऱ्यांवर फेकला गेला. जीव वाचला. उजवा हात भाजला, बोटं वळेनात.

आम्ही दवाखान्यात गेलो. थोरल्यांना बघून शिंप्याचे डोळे भरले.

"धाकटा असता ना," तो म्हणाला, "तर आदल्या दिवशीच येऊन बघून गेला असता. तसा माणूस नाही आता."

थोरले त्याच्या उशाशी उभे होते. त्यांनी मान हलवली. पलंगाची दांडी घट्ट धरली होती. बाहेर आल्यावर म्हणाले, "दुकानात चल."

धाकट्याची बायको एका गिऱ्हाईकाला वायर मापून देत होती. गिऱ्हाईक गेलं.

"बसा भाऊजी. चहा टाकते."

"चहा नको. तुझ्या घरचा बोर्ड उघडायचाय."

"कशाला?"

"नवा नियम आलाय."

तिनं कात्री खाली ठेवली. "गावाला सांगा नियम. मला नका सांगू."

घर दुकानाच्या मागेच होतं. तिनं स्वतः दिवा दाखवला. थोरल्यांनी बोर्ड उघडला. वरच्या तारा डाव्या पिळाच्या होत्या. पण तो तुकडा नव्हता. एक जाड हिरवी तार सरळ खाली जमिनीत गेली होती. मोरीमागे खड्ड्यावर झाकण होतं.

"हे कोणी केलं?"

"मी करून घेतलं. तो गेल्यावर लगेच. बाहेरचा माणूस बोलावला, तुम्हाला कळू नये म्हणून."

"का?"

तिनं दिवा खाली ठेवला. मी तिथून जायला हवं होतं. गेले नाही.

"मोरीत पडला तेव्हा गीझर चालू होता, नळ त्याच्या हातात होता, भाऊजी. मी सोडवायला गेले तर मलाही बसला."

"डॉक्टर म्हणाले, हृदय."

"हृदयच बंद पडलं. कशानं, ते कोणी विचारलं नाही."

थोरले भिंतीला टेकले. मग चटकन सरळ झाले, भिंतीनं भाजल्यासारखे.

"मला सांगायचं होतंस."

"तुम्हाला? त्याला पक्कड धरायला तुम्ही शिकवलंत. तुमच्यापुढे काय तोंडानं सांगू, की तुमच्या भावाला त्याच्याच हातानं मारलं? लोक त्याचं नाव काढायचे तेव्हा तुम्ही खाली बघायचात. मला वाटायचं, आठवण येते."

"मी तुझ्यासाठी गप्प राहिलो."

"आणि मी तुमच्यासाठी."

"शिंप्याचा हात गेला," थोरले म्हणाले.

तिला ते माहीत नव्हतं. ती पायरीवर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मला वाटलं होतं फक्त आमच्याच घरी," ती म्हणाली. "स्वतःच्या घरी कंटाळा केला असेल. लोकांकडे नाही करणार." मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"तुला लिहिता येतं ना? दुकानावर लावायला लिहून दे."

मी लिहिलं, 'अनवधानाने झालेल्या चुकीमुळे...'

तिनं पहिलीच ओळ खोडली. "चूक नव्हती. कंटाळा होता. सरळ लिही."

शेवटी पाटीवर एवढंच राहिलं: 'या दुकानाच्या मालकानं जिथे वायरिंग केलं, तिथे अर्थ खोटा असू शकतो. बोर्ड उघडून बघेपर्यंत गाडी लावू नका. गाडी नसली तरी आम्हाला बोलवा.'

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर गर्दी झाली. एक म्हातारा जवळजवळ ओरडला, "गेलेल्या नवऱ्याला चव्हाट्यावर उभं केलंस! लाज वाटते का?"

"वाटते काका. घरचा बोर्ड उघडलात का?"

तो तणतणत गेला. पुढच्या गल्लीतून त्यानंच फोन केला. मग फोन थांबेना. काही लोकांनी तिच्याकडून दिवेसुद्धा घेणं सोडलं. शिंप्याच्या घरी ती एकटी गेली. तिथे काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

थोरले आता नवा नियम सांगत नाहीत. दारात उभे राहतात आणि म्हणतात, "माझ्या भावानं काम केलंय. बघू द्या."

परवा एका बेकरीत गेलो. त्यांच्या माल पोचवणाऱ्या विजेच्या गाड्यांसाठी आवारात पॉइंट हवे होते. जिन्याखाली बोर्ड होता. अरुंद जागा, दुपारची वेळ, भट्टीची ऊब. थोरले गुडघ्यांवर बसले. मी टॉर्च धरून त्यांच्या उजव्या बाजूला. झाकण निघालं. पीळ डावा. तुकडा जागेवर.

थोरल्यांनी मेन स्विच बंद असल्याची खात्री केली. पक्कड आत घातली आणि थांबले.

"सरक जरा," ते म्हणाले. "मला दिसत नाहीये."

मी पटकन मागे झाले. पण त्यांनी माझ्याकडे मान वळवली नव्हती. ते डाव्या बाजूला बघत होते. तिथे जिन्याची भिंत होती, आणि तिच्यापुढे एक माणूस बसेल एवढी रिकामी जागा.

कुणीतरी सरकेपर्यंत थांबावं तसे ते थोडं थांबले. मग मान हलवून त्यांनी तुकडा कापला.