दोन फेऱ्यांची शिलाई

शिवणयंत्राची सुई उलटी बसवून मी तेर गावातल्या चार बायकांना शिवण शिकवलं.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी सोलापूरहून तिथं आलेली नवी सून. बोलण्याच्या भरात "मला मशीन चालवता येतं" असं सासरी सांगून बसले. (येत होतं एवढंच: भाऊ शिवायचा, मी शेजारी बसून दोरा ओवायचे.) सासऱ्यांनी खुशीत सोलापूरहून हातमशीन आणलं, गावातलं पहिलंच. शेजारणी शिकायला आल्या. त्यांत खतीजाबी होती. तिच्या नवऱ्याचा हात मोडून घरचा माग बंद पडला होता. तिला शिवण हवं होतं ते पोटासाठी.

मी सासूबाईंच्या नव्या चोळीचं कापड घेतलं आणि ऐटीत दांडा फिरवला. मशीन खडखडलं. कापडाला ओळीनं भोकं पडली, टाका एकही नाही.

"टाका कुठं हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"आत्याबाई, पहिल्या फेरीत नुसती भोकं पाडायची असतात. टाका दुसऱ्या फेरीत."

चौघींनी माना डोलावल्या आणि पाळीपाळीनं भोकं पाडायला बसल्या! दुसऱ्या फेरीत भोकं दुप्पट झाली. सासूबाईंनी चोळी उजेडात धरली, तर पलीकडची म्हैस स्पष्ट दिसली.

"उद्याच्या उद्या हे येंत्र सोलापूरला परत धाडा," त्या म्हणाल्या.

खतीजाबीचा चेहरा उतरला. ती मशीनवर वाकली, बराच वेळ बघत राहिली.

"भाभी, सुईला एका अंगानं लांब खाच हाय, अन् दोरा दुसऱ्याच अंगानं येतोय. सुई फिरवून बसवू का?"

"बसव की," मी मोठ्या मनानं परवानगी दिली.

तिनं सुई फिरवली, दांडा हलवला आणि टाका पडला. मोत्यासारखा! मला इतका आनंद झाला, की "आता मी दाखवते" म्हणत मी दांडा ओढून घेतला आणि स्वतःचा पदर चोळीला शिवून टाकला. (शिलाई मात्र पक्की होती. उसवायला खतीजाबीला अर्धा तास लागला.)

सासूबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मशीन राहिलं, पण दांडा खतीजाबीच्या हाती गेला. वर्षभरात निम्म्या गावाच्या चोळ्या ती शिवू लागली, शिकवूही लागली. कुणी विचारलं, की सांगायची, "भाभींपाशी शिकले."

मी फुलून जायचे. मग एकदा दाराआडून तिचं शिकवणं ऐकलं.

"भाभींनी काय काय केलं ते मी आधी सांगते," ती नव्या बायकांना म्हणत होती. "तेवढं सोडून काय बी करा, चालतंय."