विजयमालाताईंचा प्रीॲम्प

कोरेगावच्या बँकेत बदली झाली तेव्हा मी विजयमालाताईंच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला गेले. ताई पन्नाशीच्या, उंच, आल्याच्या शेतात गड्यांच्या बरोबरीनं राबणाऱ्या. त्यांच्या डाव्या बाजूला उभं राहून काही विचारलं की उत्तर मिळायचं नाही. मला वाटलं, बाई तुसड्या आहेत. मग त्यांची मुलगी शिवांजली सुट्टीला आली, तिनं सांगितलं, "आईचा तो कान गेलाय. पप्पांनी घालवला."

पुढचं ताईंनीच सांगितलं. आलं धुता धुता, तिसऱ्याच कुणा बाईची हकिगत असावी तसं.

नवरा जोतिबा ऊसवाहतुकीचा ठेकेदार. त्यानं पुण्याहून मोठा ॲम्प्लिफायर आणि छातीएवढे स्पीकर आणलेले. मारायचं ठरलं की तो आधी खिडक्या लावायचा, मग गाणं, मग आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवायचा. त्यानंतर कमरेचा पट्टा. ताईंचं ओरडणं गाण्याखाली दबायचं. गल्लीत म्हणायचे, जोतिबा लय शौकीन गडी. "कंच्या गान्याला किती मार, ह्ये मला पाट झालं व्हतं," ताई म्हणाल्या. एकदा पट्ट्याचं बक्कल कानशिलावर बसलं. कानातून रक्त आलं आणि तो कान कायमचा बंद झाला.

शिवांजली बारावीला असताना त्यानं तिच्या केसांना हात घातला. गाणं चालूच होतं. ताईंनी फळीवरचा ॲम्प्लिफायर दोन्ही हातांनी ओढला, तारा तुटल्या, आणि तो लोखंडी डबा त्यांनी जोतिबाच्या खांद्यावर घातला. गाणं बंद पडलं होतं, त्यामुळं हाड मोडलेलं स्पष्ट ऐकू आलं. तो उठायला लागला. त्यांनी पुन्हा घातला, आता तोंडावर. दात फरशीवर सांडले. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा शिवांजलीनं आईच्या कमरेला मिठी मारली.

"तिनं धरलं नसतं तर मी थांबली नसती," ताई म्हणाल्या आणि आल्याची माती खरडत राहिल्या.

पोलीस झाले, कोर्ट झालं, घटस्फोट झाला. जोतिबा शिरवळला भावाकडे गेला. त्यानंतर घरात रेडिओसुद्धा वाजला नाही. लग्नाच्या वरातीत डीजे आला की ताई गोठ्यात जाऊन बसायच्या.

आणि एका सकाळी मला म्हणाल्या, "मला गान्याचा सेट घ्यायचाय. चांगल्यातला चांगला. लगीन व्हायच्या आदी मी गायची. गानी माजी व्हती, त्येची न्हवती."

शिवांजली सांगलीत नोकरीला होती. तिनं तिथल्याच साईराज नावाच्या एका दुकानदाराला शोधून काढलं होतं. आम्ही तिघी त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "काकू, ताकद देणारा ॲम्प्लिफायर वेगळा असतो. त्याच्या आधी हा प्रीॲम्प. आवाज किती सोडायचा ते हा ठरवतो. बटण याच्यावर."

"मग ह्योच आदी दाव."

त्यानं सगळ्यात महागाचा जोडला, ढोलांचं ध्वनिमुद्रण लावलं आणि कौतुकानं बटण फिरवलं. खोली हादरली. ताई ताडकन उठल्या. त्यांनी साईराजचं मनगट धरून असं पिरगाळलं की तो किंचाळून गुडघ्यांवर आला.

"आई, सोड! दुकानात आहोत आपण!" शिवांजलीनं त्यांची बोटं एकेक करून उकलली.

ताईंचा चेहरा पांढरा पडला होता. खुर्चीत बसत त्या म्हणाल्या, "दुकलं का रं, बाळा? मोटा आवाज नगं. बारीक करून दाव."

साईराज मनगट चोळत उभा राहिला. त्यानं ढोल काढून एका बाईचं गाणं लावलं. महागाच्या डब्यातून बारीक आवाजात शब्द विरून जायचे. दुसऱ्यात एका बाजूचा आवाज आधी मरायचा. तिसरा जुन्या धाटणीचा, टक टक करत सरकणाऱ्या बटणाचा. कितीही खाली आणलं तरी त्यात गाणारीचा श्वास ऐकू येत होता. शिवाय दोन्ही बाजूंचा आवाज एक करणारं बटण होतं, म्हणजे एका कानाच्या माणसाचं काही सुटत नाही. ताईंनी त्या बटणाला हात लावला, काढला, परत लावला.

"ह्योच," त्या म्हणाल्या.

स्पीकरसकट सगळा सेट घरी आला आणि ताई रोज बारीक आवाजात गाणी लावू लागल्या. दिवाळीनंतर एका रविवारी, भर दुपारी, जोतिबा पहार घेऊन आला. पिऊन आला होता. मी वरून ऐकलं, "माज्या घरात ऐश करतीस व्हय गं?" मग काहीतरी फुटलं. मी खाली धावले तोवर एक स्पीकर चिरफाळला होता आणि तो प्रीॲम्पकडे वळला होता. ताई मधे उभ्या राहिल्या. पहार त्यांच्या आडव्या धरलेल्या हातावर बसली. हात कोपराखाली वाकडा झाला. दुसऱ्या हातानं त्यांनी त्याची मानगूट धरली आणि डोकं चौकटीवर आपटलं. परत आपटलं. मी नुसती ओरडत होते.

गाणं बारीक होतं, गल्लीला सगळं ऐकू गेलं. शेजारच्या रंगुबाई काठी घेऊन आल्या, मागून त्यांचे मुलगे. त्यांनी जोतिबाला फरफटत अंगणात नेलं आणि तो रांगायला लागेपर्यंत हाणलं.

ताई उंबऱ्यात आल्या, हात लोंबत होता. "बास करा रं. मेला तर मलाच कोर्टाच्या तारका लागतील."

ऑपरेशन होऊन ताईंच्या हातात सळई बसली. खटला साताऱ्यात चालू आहे. साक्षीच्या दिवशी मी सोबत गेले होते. जोतिबाच्या वकिलानं दरडावून विचारलं, "तुम्हीही त्यांना मारलंत की नाही?"

ताईंनी उजवा कान त्याच्याकडे वळवला. "मारलं. पुना आला तर पुना मारीन."

न्यायाधीश म्हणाले, विचारलं तेवढंच सांगा. पुढची तारीख पडली. परतीच्या एसटीत ताई खिडकीशी बसल्या आणि गाडी सुटायच्या आत गाढ झोपून गेल्या.