आधी दुसरा सैल करा

"एक आवळला का बाजूचा ढिल्ला. मॅडम, तुमचं ड्रॉइंगच चुकलं वाटते," देवराव फिटर शिडीवरूनच म्हणाले.

हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगमध्ये, कापसाच्या गाड्या रिकाम्या होतात तिथे, आम्ही छत दिलं होतं. समोर खांब नाही. पुढची कड चार लोखंडी रॉडांनी वरून टांगलेली. ती कड आता वाकडी दिसत होती. जिनिंगचे शेठ म्हणाले, सोमवारपासून कापूस येईल, तोवर जमलं नाही तर मधोमध खांब ठोकतो. मग ट्रॉली वळणार कुठून, हे माझ्या तोंडून निघालं नाही. खांब नको म्हणूनच तर हे डिझाइन मी केलं होतं.

नागपूरच्या आमच्या ऑफिसात सरांना फोन लावला. "मॉडेल तुझं आहे, तूच सांग त्यांना," म्हणाले आणि ठेवला.

वजनकाट्याच्या केबिनमध्ये लॅपटॉप उघडला. असे रॉड बसवतानाच थोडे ताणून ठेवतात; त्याला प्रीस्ट्रेस म्हणतात. सॉफ्टवेअरला ते सांगायची एक रीत म्हणजे रॉड जागेपेक्षा किंचित आखूड दाखवायचा. तो जागेवर बसताना ताणला जातो. पण छतही जरासं उचलतो, आणि शेजाऱ्याचा ताण उतरतो. बाज विणताना एक दोरी ओढली की बाजूची सैल पडते, तसंच.

चारही रॉडांची प्रत्यक्ष लांबी मोजून मॉडेलमध्ये घातली. दुसरा रॉड नको तितका आखूड निघाला. बरंचसं वजन तो एकटाच धरून होता. शिडी तिथे नीट टेकायची, म्हणून देवराव दर वेळी आवळायला तिथूनच सुरुवात करायचे.

बाहेर येऊन मी सांगितलं, आधी दुसरा सैल करा.

"वर उचलाचं हाय अन् ढिल्ला कराले काऊन सांगून राह्यल्या?"

शेठ हसले. "बेटा, छत खाली आलं तं?"

"नाही येणार. खाली टेकू देऊ. आणि मी इथेच उभी राहते," मी म्हणाले. एवढं सलग मी साइटवर पहिल्यांदाच बोलले असेन.

टेकू लावून दुसरा थोडा सोडला. मग मॉडेलने दिलेल्या क्रमाने बाकीचे, थोडे थोडे, फेरीफेरीने आवळले. टेकू काढले. कड सरळ होती. देवरावांनी एकेक रॉड हाताने हलवून पाहिला. चारही ताठ होते. "आता ढिल्ला नाई कोणी," एवढंच ते म्हणाले.

सोमवारी पहिली ट्रॉली छताखाली आली, रिकामी झाली आणि एका दमात वळून गेली. शेठनी खांबाचा विषय काढला नाही.

आता ड्रॉइंगवर मी आवळण्याचा क्रमही लिहिते. नाहीतर तो शिडी ठरवते.