घाटात उगवलेली मोहरी

कंपनीतले जर्मन साहेब मायदेशी परत जायला निघाले तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याला एक खोकं दिलं. आत विजेवर चालणारं छोटं इंजिन, तीन डबे आणि रुळांचे तुकडे होते. साहेब आमच्याकडे पुरणपोळी खाऊन गेले होते, त्याची ही परतफेड. पोळ्या मी लाटल्या आणि गाडी यांना मिळाली, हे मी तेव्हाच बोलून दाखवलं. "अगं, दोघांचीच आहे ती," असं म्हणून यांनी खोकं कपाटावर ठेवलं, आणि नंतर कितीतरी दिवस मला बटणाला हात लावू दिला नाही.

तेव्हा चिंचवडला सोसायटीत आमच्या दोन खोल्या होत्या. मी शाळेत शिकवायचे, हे कंपनीत ड्रॉइंग ऑफिसात होते. सासूबाई चाकणजवळच्या गावाहून डोळ्याच्या ऑपरेशनसाठी म्हणून आल्या होत्या आणि डोळा बरा झाल्यावरही राहिल्या होत्या.

गाडी नुसती गोल फिरवण्यात यांना राम वाटेना. त्यांना खंडाळ्याचा घाट हवा होता. खोक्यात एक रंगीत पुस्तिका होती, तीत तयार झाडं, तयार गवत, तयार डोंगर, सगळं विकत मिळत असल्याची चित्रं होती. अर्थात ते सगळं जर्मनीत. "आपण घरी करू. सामान तर सगळं घरातच असतं," हे म्हणाले. घरातलं सामान म्हणजे माझं, हे मला हळूहळू कळत गेलं.

आधी चहाचा चोथा गेला. तो वाळवून त्याची माती झाली. मग पिठाची चाळण गेली, तिच्यातून पवनेची वाळू चाळून रुळांखालची खडी झाली. घोसाळी वेलावरच वाळवून, त्यांची जाळी कातरून झाडं झाली. भोसरीच्या एका सुताराकडून पिशवीभर भुसा आला, तो माझ्या पातेल्यात हिरव्या रंगात उकळला आणि गच्चीवर वाळत घातला. त्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कुरडया घातल्या होत्या. संध्याकाळी वारा सुटला. काकू ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या. "तुमच्या साहेबांचं लॉन आमच्या कुरडयांवर आलंय," त्या म्हणाल्या. यांनी वाकून पाहिलं. "रंग मात्र छान बसलाय," असं म्हणाले. काकूंना चहा मलाच द्यावा लागला.

हा सगळा संसार दिवाणावर मांडलेला होता. त्यामुळे आल्यागेल्याला आम्ही खाली सतरंजीवर बसवत होतो.

डोंगर शेवटी झाला. पॅकिंगच्या फळ्यांचा सांगाडा, त्यात गाडीसाठी आरपार बोगदा, वर वर्तमानपत्राचे बोळे आणि त्यावर खळीत बुडवलेलं गोणपाट. खळ मैद्याची, गोणपाट वाण्याकडून आणलेल्या जुन्या पोत्याचं. त्यावर मातीचा रंग देऊन हे लांब उभे राहिले आणि मान तिरकी करून पाहू लागले. "कसा दिसतोय?" "पोत्यासारखा," मी म्हणाले. मग त्यावर चोथा आणि भुसा चिकटवला. तेव्हा मात्र तो खरंच डोंगर दिसू लागला, पण मी ते लगेच सांगितलं नाही.

पावसाळ्याचे दिवस होते, काही केल्या डोंगर वाळेना. एका सकाळी सासूबाईंची हाक आली. "आरं, हिकडं ये. तुझ्या डोंगराला कोंब आल्यात."

पोतं मोहरीचं होतं. विणीत अडकलेले दाणे ओल्या खळीत उगवले होते. इतके दिवस भुसा उकळून जो हिरवा रंग यांना साधला नव्हता, तो डोंगराने आपला आपणच आणला होता. पण मापाच्या हिशेबाने एकेक रोप नारळाच्या झाडाएवढं! हे चिमटा घेऊन उपटायला बसले, तर सासूबाई आडव्या आल्या.

"उगवलेलं उपटू न्हाई."

"आई, खंडाळ्यात मोहरी नसते."

"तुला काय ठावं? रेल्वेतनं बघितलंस नुसतं."

यांनी चिमटा खाली ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी ड्रॉइंग ऑफिसचे साहेब बायकोला घेऊन गाडी बघायला आले. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. साहेब सतरंजीवर बसले. गाडी सुटली, घोसाळ्यांच्या झाडीतून वळण घेऊन बोगद्यात शिरली. आम्ही सगळे दुसऱ्या तोंडाकडे बघत राहिलो.

गाडी बाहेर येईना.

"खंडाळ्याला थांबली असेल," साहेबांच्या बायको म्हणाल्या.

"सिग्नल नसेल मिळाला," साहेब गंभीरपणे म्हणाले.

तेवढ्यात डोंगराचा माथा, वरच्या मोहरीसकट, अगदी सावकाश आत बसला. जेवून उठलेल्या माणसाने लोडाला टेकावं तसा. खालून इंजिनाची घरघर ऐकू आली आणि मग तीही थांबली.

"कागद एवढा कसा भिजला?" हे पुटपुटले.

"म्या घालत व्हते फुलपात्रभर," सासूबाई म्हणाल्या. "तुमी दोघं कामावर गेल्यावर. जित्या रोपाला पाणी नगं व्हय?"

साहेब आधी हसले. मग त्यांची बायको. मी पदर तोंडाला लावून आत पोहे करायला गेले.

हे पुढे बरेच दिवस दिवाणाकडे फिरकले नाहीत. इंजिन पुसून खोक्यात ठेवलं, खोकं कपाटावर. ऑफिसातून आले की पेपर उघडत आणि एकच पान धरून बसत. मला वाटलं होतं दिवाण मोकळा झाल्याचा मला आनंद होईल, पण घर अगदीच गप्प झालं. सासूबाईंना तर जेवण जाईना. गावाकडे एक चक्कर मारून त्या आल्या, त्या वाळलेल्या घोसाळ्यांची मोठी पिशवी घेऊन. ती त्यांनी लेकाच्या पायाशी ठेवली.

"पुन्ना कर," म्हणाल्या. "मी हाय."

दुसरा डोंगर आम्ही तिघांनी केला. खळ मी शिजवली आणि तीत मोरचूद घातलं, म्हणजे कीड लागणार नाही आणि दाणाही उगवणार नाही. गोणपाट सासूबाईंनी चार पाण्यातून धुतलं, झटकलं, उन्हात घातलं. कागदाचे बोळे त्यांनी असे घट्ट वळले की हे बघतच राहिले. स्वतः हे बहुतेक वेळ मुकादमासारखे उभे होते. डोंगर कोरडा आणि टणक झाला, आणि गाडी आत जाऊन दर वेळी बाहेर आली. या वेळी बटण पहिल्यांदा सासूबाईंनी दाबलं, मग मी.

सगळं झाल्यावर सासूबाईंनी बोगद्यावर बोट ठेवलं. "हितं एक देऊळ पायजे."

"आई, तिथे देऊळ नाहीये."

"मग बांध की."

यांनी आगपेटीचं देऊळ केलं. कळसाला माझ्या मोडक्या कुडीतला मोती लागला, आणि तो न विचारताच घेतला होता.