डेस्लॉनचा वास

अल्सीद डेस्लॉन जन्मभर लुइझियानातल्या आपल्या गावाच्या सेप्टिक टाक्या उपसत आला. टँकरवर बापाने रंगवलेलं आडनाव होतं, आणि त्याच नावाचं महागडं अत्तर जगभर खपत होतं. मार्डी ग्रा या सणाच्या मिरवणुकीसाठी अल्सीद टँकर घासूनपुसून धुवायचा, त्यात स्वच्छ पाणी भरायचा आणि पाइपाने गर्दीवर उडवत ओरडायचा, "घ्या रे, डेस्लॉन लावून घ्या!" लोक नाकं दाबून खिदळायचे.

अत्तरवाल्या कंपनीने नावावरून दावा ठोकला. पठ्ठ्याने वकीलसुद्धा केला नाही. कोर्टात छाती काढून म्हणाला, "जजसाहेब, मला अत्तरवाला समजेल असा एकही येडा आमच्या गावात नाही. उलट अत्तराची जाहिरात लागली की सगळे माझी आठवण काढून हसतात!"

कंपनीची वकीलबाई गोड हसली. "आभारी आहे, मिस्टर डेस्लॉन. लोक फसतात असं आम्ही म्हणतच नाही. आमच्या नामांकित नावाला तुमच्या टाकीचा वास चिकटतोय, एवढंच म्हणणं होतं. ते तुम्हीच सांगून टाकलंत."

कायदा तेवढंच मागत होता. निकाल लागला: टँकरवरून नाव काढायचं. बाहेर पायऱ्यांवर अल्सीद तिच्यावर खेकसला, "मग थडग्यावर तरी नाव टाकू की नको?"

"खुशाल टाका. तिथे धंदा थोडाच करणार आहात?"

बापाची अक्षरं त्याने स्वतःच्या हाताने खरवडली. पुढच्या मार्डी ग्राला कोरा टँकर बघून गर्दी फिदीफिदी हसली. "अल्सीद, डेस्लॉन लाव की आम्हाला!"

त्याने पाइप उचलला. या वेळी टँकर धुतलेला नव्हता.