अनसूयेनं वगळलेला देश

अनसूया गेली तेव्हा मला आधी रडू आलं नाही, भीती वाटली. शनिवारची दुपार होती. जुळे सोलापुरातल्या तिच्या फ्लॅटमध्ये पलंगाशेजारी मी आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंच होतो. डॉक्टरांनी तिचं मनगट खाली ठेवलं, मान हलवली, आणि माझ्या मनात आलं ते एवढंच, की उद्या सकाळी दहाला फोन येणार. तिचा एकुलता एक मुलगा परदेशात आहे. दर रविवारी दहाला तो व्हिडिओ कॉल करायचा. आदल्या रविवारपर्यंत अनसूया त्याच्याशी बसून बोलली होती... पाठीला तीन उशा, तोंडाला पावडर, अंगावर निळी इरकल. सलाईनची नळी दिसू नये म्हणून मोबाइल कसा धरायचा ते तिनं मला दोनदा करून दाखवलं होतं. पोटातला आजार किती पसरलाय याचा त्याला पत्ता नव्हता, आणि तो लागू द्यायचा नाही असा शब्द तिनं माझ्याकडून घेतला होता. तिला संध्याकाळी नेणार होते. मग एक रात्र, आणि मग दहा वाजणार होते.

अनसूया हे तिचं खरं नाव नाही. गेलेल्या मैत्रिणीवर लिहायचं आणि तिचं नाव बदलायचं, हा प्रकार मलाही विचित्र वाटतो. मुलाचं नाव तर मी लिहिणारच नाही. तो कुठल्या देशात आहे ते नाही, आणि आपल्याकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा त्याच्याकडे किती वाजलेले असतात तेही नाही; भूगोलाच्या विद्यार्थ्याला तेवढ्यावरून रेखांश काढता येतात, आणि सोलापुरातल्या निम्म्या लोकांना ते तिनंच शिकवलंय. ज्यांना ती कोण ते ओळखता येईल त्यांनी कृपा करून ओळख मनातच ठेवावी.

शुक्रवार पेठेतल्या एका शाळेत आम्ही सव्वीस वर्षं बरोबर नोकरी केली. ती भूगोल शिकवायची, मी नागरिकशास्त्र. दोन्ही विषय सामाजिक शास्त्रांतले, परीक्षेत मार्क तिच्या विषयाला जास्त, त्यावरून स्टाफरूममध्ये आमची रोज जुंपायची. "नदी वाहताना तुझ्या सरकारला विचारते होय गं?" असं ती म्हणायची. मी म्हणायची, "नदी नाही विचारत, पण पाणी कुणाचं हे भांडण शेवटी माझ्याच धड्यात येतं." ती तेलुगू विणकरांच्या घरातली, मी अक्कलकोटकडची, घरात कन्नड बोलणारी. दोघी भांडायचो मात्र अस्सल मराठीत. स्थलांतराचा धडा शिकवायची तिची एक पद्धत होती. सगळ्या वर्गाला उभं करायची आणि म्हणायची, "ज्यांचे आजोबा सोलापुरात जन्मले त्यांनीच उभं राहायचं, बाकीच्यांनी खाली बसा." बाकं एकदम भरायची. उभी राहायची ती चार-पाच पोरं, तीही बिचारी शरमून. मग ती आपल्या आजोबांची गोष्ट सांगायची. ते तेलंगणातून बायको-पोरांना घेऊन आले, हातमागाचं सामान डोक्यावर. मध्ये निजामाची हद्द, म्हणजे परमुलूखच. पोटाला तिथं काम नव्हतं आणि इथं होतं, धडा काय तो एवढाच, बाकीच्या व्याख्या परीक्षेपुरत्या पाठ करा, असं ती बेधडक सांगायची. साहेब तपासणीला आले तरी तेच.

मुलगा शिकायला म्हणून बाहेर गेला तेव्हा तिनं शाळेत पेढे वाटले. नवरा लवकर गेलेला, पोराला तिनं एकटीनं वाढवलेलं; आम्ही सगळ्यांनीच कौतुक केलं. त्याला नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. आणि मग, आमची निवृत्ती तीन वर्षांवर आली असताना, एकदा मी माझ्या तासाची वाट बघत तिच्या वर्गाबाहेर उभी होते. आत भिंतीवर जगाचा नकाशा होता आणि तिची छडी फिरत होती. खंड, देश, राजधान्या. छडी एका देशाच्या कडेपर्यंत आली, उचलली गेली, आणि पलीकडे टेकली. एक मुलगा उठून म्हणाला, "म्याडम, ह्यो राहिला की!" ती म्हणाली, "तो घरी वाचा." पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तुकडीतही तेच. मला काय, आयतंच सापडलं. स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मी म्हटलं, "काय गं, त्या देशानं तुझं काय घोडं मारलंय?" तिनं हातातला कप न पिताच खाली ठेवला. चेहरा पांढराफटक. 

त्या दिवशी घरी जाताना रिक्षात आम्ही दोघीच होतो. अर्ध्या वाटेतच तिनं रिक्षा थांबवली, मला उतरवलं, रिक्षा वळून जाईपर्यंत थांबली. मग माझं मनगट धरून म्हणाली, "विजया, त्याचा कागद संपला." त्याची कंपनी बंद पडली होती. दुसरी नोकरी मिळेपर्यंत राहायला दिलेली मुदत टळून गेली होती, आणि तो तिथंच राहिला होता, कुठल्याशा गोदामात काम करत. बायकोची नोकरी तिथं, लेक तिथल्या शाळेत, त्यांचे कागद ठीक. याचेच नाहीत. तो एकदा विमानात बसला की तो देश त्याला पुन्हा आत घेणार नव्हता, निदान लेक मोठी होईपर्यंत तरी. आणि न बसता राहिला तर कधीतरी कुणीतरी येऊन त्याला उचलणार होतं. "तुझ्या पुस्तकात असल्या माणसाचं काय लिहिलंय गं?" तिनं विचारलं. नागरिकांचे हक्क मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. भर रस्त्यात मला एकही आठवेना. थोडं चालल्यावर तीच हसली. म्हणाली, "आमचे आजोबा तरी काय, बिनकागदाचेच की! फक्त त्यांना कुणी विचारलं नाही."

त्या दिवसापासून भीती आम्हा दोघींची झाली. शेजारी विचारायचे, "मुलगा कधी येणार?" दर दिवाळीला ती एक नवं कारण काढायची आणि मला आधी सांगून ठेवायची, म्हणजे माझ्या तोंडून वेगळं काही निघायला नको. अनोळखी नंबरचा फोन वाजला की वाजू द्यायची, पदरात हात गुंडाळून बघत बसायची. टीव्हीवर त्या देशातल्या बातम्या लागत, कामावरून माणसांना गाडीत घालून नेताना दाखवत, तेव्हा ती आवाज बंद करायची आणि चेहरे मात्र एकेक करून बघायची. एकदा वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आले आणि त्यांनी चुकून हिच्या दाराची बेल वाजवली. मी आत चहा करत होते. दार उघडून खाकी कपडे बघितले मात्र, आणि ही बाई, जिच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू यायची ती बाई, पुटपुटली, "माझा मुलगा इथं राहत नाही." हवालदार गोंधळले. "ओ बाई, मी कुटं तुमच्या पोराचं इचारलं? वरच्या मजल्याला जिना कुठला ते सांगा की. आन् जरा पाणी द्या, लई ऊन हाय." पाणी मी नेऊन दिलं. ती आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसली होती. नंतर त्यावरून आम्ही हसलो, पण मला अजून आठवतंय, हसताना दोघींनीही आवाज दाबला होता.

आजार कळला तेव्हा डॉक्टरांनी दिवस थोडे असल्याचं सांगितलं, आणि तिनं पहिला हिशेब केला तो मुलाचा. "त्याला कळलं तर तो येईल," ती म्हणाली. "आणि आला तर संपलं सगळं. नातीला बाप राहायचा नाही. तू शब्द दे." मी वाद घातला. म्हटलं, आईला बघायचा त्याचा हक्क आहे, तू कोण तो काढून घेणारी? ती म्हणाली, "हक्क फळ्यावर लिही." एवढं तोडून ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी शब्द दिला... खरं सांगायचं तर मला तिची भीती वाटली, आणि तो खरोखर येईल याचीही वाटली. फोन धरताना नळी पडद्यात येऊ नये म्हणून मी कोपर खुर्चीच्या हाताला टेकवून बसायची. पडद्यावर नात विचारायची, "नानम्मा, तू पलंगावरूनच का बोलतेस?" अनसूया म्हणायची, "म्हातारी झाले की गं मी." आणि पडदा काळा झाला की उशीवर मान टाकायची.

त्या रविवारी दहाला मी एकटीच तिच्या खोलीत होते. अस्थी गोळा करायला भाऊ गेला होता. फोन वाजला, मी उचलला. त्याच्या शेजारी लेक होती. "मावशी, आईला द्या की." मी म्हटलं, आधी लेकीला आत पाठव. त्याला तेवढ्यावरूनच कळलं असावं. "कधी?" "काल दुपारी."  तो म्हणाला, "मी आलो असतो." मी म्हटलं, "म्हणूनच सांगितलं नाही रे." तेव्हा तो भडकला. "तुम्हीच शिकवलं ना मला नागरिकशास्त्र? मग माझ्या आईचं तुम्ही कोण ठरवणार?"  आणि त्यानं फोन कापला. पण पुढच्या रविवारी बरोबर दहाला पुन्हा आला. तेव्हापासून मी किल्ली घेऊन तिथं जाऊन बसू लागले. तो म्हणायचा, स्वयंपाकघर दाखवा, गॅलरी दाखवा, माझी खाट दाखवा. आणि मी मोबाइल हातात धरून त्याला त्याचंच घर दाखवत फिरायची. दर वेळी फोन ठेवताना तो एकच विचारायचा, "आई शेवटी काही म्हणाली का?" मी म्हणायची, "नाही रे, झोपेतच गेली." शेवटच्या फोनवर त्यानं जरा वेगळं विचारलं. "मी आलो नाही याचं तिला काही वाटलं का, मावशी?" मी ठासून म्हटलं, "मुळीच नाही. तूच येऊ नयेस असं तिला वाटत होतं."

त्याला दोन रविवार झाले. फोन आलेला नाही. मी केला तर बंद लागतो, सुनेचाही. कुणाला विचारायचं? पोलिसांत जायचं तर काय सांगायचं? एकदा वाटतं, त्याला उचललं असेल. एकदा वाटतं, तो निघाला असेल, माझ्याच बोलण्यात त्याला काहीतरी खोटं दिसलं असेल. दोन्हींतली कुठली भीती मोठी तेही मला ठरवता येत नाही. या वर्तमानपत्राची ही पुरवणी तो मोबाइलवर वाचतो, ती सवय त्याला आईनं लावलेली. म्हणून हे लिहून छापायला दिलं.

मुला, मी तुझ्याशी खोटं बोलले. शेवटचे चार दिवस तुझ्या आईनं आम्हाला घराच्या दाराला कडी लावू दिली नाही. मी म्हटलं, अगं मांजर शिरतंय, वारा येतोय. "राहू दे की," म्हणाली. येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला सोयीचं म्हणून असेल असं मी समजले. शुक्रवारी संध्याकाळी जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली तसे तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "आला का गं?" मी म्हटलं, "कोण?" ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग घाबरली. मला ते स्पष्ट दिसलं. आपल्या तोंडून काय निघालं ते तिला कळलं होतं. "दूधवाला," ती म्हणाली. दूधवाला सकाळी येतो.

तू येऊ नयेस असं तिला वाटत होतं, ते खरंच आहे. तिनं तुझी वाट बघितली, तेही तुला ठाऊक असायला हवं. काय करायचं ते तू ठरव, या वेळी मी ठरवणार नाही. मी आता रविवारची वाट बघत नाही, रोज सकाळी दहाला तिथं जाऊन बसते. आत गेल्यावर कडी लावत नाही.